एक यादी, एक कार्ड: लेबनॉनमधल्या निर्वासितांच्या पैशांची गोष्ट

आजची गोष्ट लेबनॉनची आहे, पण सुरुवात माझ्या आजीपासून करतो.

बाहत्तरच्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची. सोलापूरकडचं गाव, रस्त्याचं सरकारी काम. मजुरी रोख मिळायची, वर सुकडी. मी तिला एकदा विचारलं, "तेव्हा सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची?" मला वाटलं ती ऊन म्हणेल, भूक म्हणेल. ती म्हणाली, "मस्टरची." मस्टर म्हणजे हजेरीची यादी. मुकादमाने त्यात नाव लिहिलं तर पैसे. राहून गेलं, तर दिवसभर फोडलेली खडी फुकट.

मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. ज्याँ द्रेझसारख्या अर्थतज्ज्ञांनी पुढे या दुष्काळाचा अभ्यास केला. त्यातून एक गोष्ट दिसली. माणसाच्या हातात पैसा आला की धान्य त्याच्यापर्यंत यायला वाट सापडते, थोडं बाजारातून, थोडं रेशनच्या दुकानातून. ही कल्पना आणि आजीची ती भीती, दोन्ही लक्षात ठेवा. कारण चाळीस वर्षांनी लेबनॉनमध्ये दोन्ही पुन्हा भेटतात.

तंबूचंही भाडं

२०११ मध्ये सीरियात युद्ध पेटलं आणि लोक सीमा ओलांडून लेबनॉनमध्ये यायला लागले. हा देश केवढा? साधारण साडेदहा हजार चौरस किलोमीटर. आपला एकटा सोलापूर जिल्हा त्याहून मोठा आहे. ३ एप्रिल २०१४ रोजी तिथे नोंदणी झालेल्या सीरियन निर्वासितांचा आकडा १० लाखांवर गेला.

निर्वासित म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे छावणी येते. लेबनॉन सरकारने सीरियन लोकांसाठी अधिकृत छावण्या उभारूच दिल्या नाहीत. १९४८ पासून आलेल्या पॅलेस्टिनी निर्वासितांचा अनुभव त्यांच्या मनात होता. मग हे लोक राहिले कुठे? भाड्याच्या खोल्यांत, गॅरेजमध्ये, अर्धवट बांधलेल्या इमारतींत. बेका खोऱ्यात शेतात तंबू ठोकले, तर त्या जागेचंही भाडं शेतमालकाला द्यावं लागायचं.

आता विचार करा. घरमालक दर महिन्याला दारात उभा आहे. अशा वेळी तुम्हाला तिसरं ब्लँकेट हवंय की पैसे? बऱ्याच ठिकाणी निर्वासित मदतीत मिळालेल्या वस्तू बाजारात विकून रोकड उभी करत होते. म्हणजे रोख मदत चालूच होती म्हणा, फक्त मध्ये तोटा सोसून.

५०० मीटरची रेषा

२०१३-१४ च्या हिवाळ्यात एक मोठा प्रयोग झाला. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, म्हणजे यूएनएचसीआर, आणि तिच्या सहकारी संस्थांनी सुमारे ८७,७०० निर्वासितांसाठी एटीएम कार्डावर पैसे दिले. नोव्हेंबर ते एप्रिल मिळून प्रत्येक कुटुंबाला ५७५ डॉलर. पैसे मर्यादित होते, म्हणून समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्या वर राहणाऱ्यांना आधी. उंचावर थंडी जास्त, हे साधं कारण.

त्या रेषेमुळे संशोधकांना आयती संधी मिळाली. रेषेच्या जरा वर आणि जरा खाली राहणारी कुटुंबं जवळपास सारखीच. एका गटाला पैसे, दुसऱ्याला नाहीत. इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटीने २०१४ मध्ये अभ्यास छापला. पैशांमुळे बाजारात महागाई भडकल्याचं दिसलं नाही. मुलांना कामाला पाठवणं कमी झालं. दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे लेबनॉनच्या अर्थव्यवस्थेत २.१३ डॉलरची भर पडली, असा हिशोब निघाला.

आणि गंमत बघा. पैसे दिले होते थंडीसाठी, पण लोकांनी ते प्रामुख्याने अन्न आणि पाण्यावर खर्च केले. म्हणजे शेगडी अर्धवट पेटलेली, पण घरात खायला होतं. कोणतं दुःख आधी भागवायचं, हे त्या घरातल्या बाईने ठरवलं.

३० संस्था, १४ उद्देश

रोख मदत चालते हे कळल्यावर सगळ्यांनीच ती सुरू केली. २०१४ मध्ये लेबनॉनमध्ये ३० संस्था रोख किंवा कूपन देत होत्या, १४ वेगवेगळ्या उद्देशांसाठी. थंडीचे वेगळे, कायदेशीर मदतीचे वेगळे. हा आकडा २०१५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ गटाने अहवालात मांडला. त्यांचं म्हणणं असं, की कुटुंब एकच आहे, मग त्याला चौदा कप्प्यांत का कापताय?

इथे मला माझी पहिली नोकरी आठवते. दोन सिस्टिममधल्या ग्राहकांच्या याद्या एकत्र करायचं काम होतं. एकीकडे नाव एका स्पेलिंगने, दुसरीकडे दुसऱ्या. डुप्लिकेट शोधायचा कोड दोन आठवड्यांत झाला. पण कोणत्या विभागाची यादी खरी मानायची, यावर तीन महिने मीटिंगा चालल्या. कारण ज्याची यादी, त्याचा वट.

लेबनॉनमध्येही तेच, फक्त इथे चूक झाली तर कुणाचं तरी घरभाडं थकणार होतं. मोहम्मद हे नाव अरबीतून इंग्रजीत डझनभर प्रकारे लिहितात. एका कुटुंबाला दोन संस्थांकडून मिळतंय, शेजारच्याला कुणाकडूनच नाही, असं व्हायचं. अन्नाचं कार्ड जागतिक अन्न कार्यक्रमाचं, म्हणजे डब्ल्यूएफपीचं. रोख रकमेचं कार्ड वेगळं. प्रत्येक संस्थेचे देणगीदार वेगळे, आणि प्रत्येकाला आपण किती कुटुंबांना मदत केली हे दाखवायचं होतं.

मग हळूहळू एकेक गोष्ट ठरत गेली. पहिली, रक्कम. पाच जणांच्या कुटुंबाला नुसतं तगून राहायला महिन्याला काय काय लागतं, याची एक टोपली तयार केली: पीठ, तेल, साबण, भाडं, पाणी. त्यातून घरची थोडीफार कमाई आणि अन्नकार्ड वजा केलं. उरलेली तूट म्हणून महिन्याला १७५ डॉलर हा आकडा पक्का झाला. सहा मोठ्या स्वयंसेवी संस्थांनी २०१४ मध्ये एक गट करून हीच रक्कम द्यायला सुरुवात केली.

दुसरी गोष्ट, कार्ड. २०१६ च्या अखेरीस यूएनएचसीआर, डब्ल्यूएफपी, युनिसेफ आणि त्या स्वयंसेवी संस्थांचा गट यांनी मिळून एक व्यवस्था आणली. तिचं नाव लुईज. कार्ड एकच, पण आत कप्पे वेगळे. अन्नाचे पैसे ठरलेल्या दुकानात वापरायचे, रोख रक्कम एटीएममधून काढायची. बँक एक, हेल्पलाइन एक. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकएंड एक झालं.

हे सोपं वाटतं, पण यात प्रत्येक संस्थेला स्वतःचा काहीतरी अधिकार सोडावा लागला. २०१७ च्या सुमारास ब्रिटन आणि युरोपीय संघ या देणगीदारांनी पुढची पायरी सुचवली: पैसे एकाच संस्थेने वाटावेत आणि नजर दुसऱ्या कुणीतरी ठेवावी. त्यावर बरीच ओढाताण झाली. शेवटी डब्ल्यूएफपीच्या रोख मदतीवर लक्ष ठेवायला नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिल, ऑक्सफॅम आणि सॉलिडारिटे यांचा स्वतंत्र गट उभा राहिला. डिसेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चार संस्थांनी जगभर शक्य तिथे सामायिक रोख व्यवस्था वापरू असं जाहीर केलं.

यादीत कोण?

आता आजीची भीती. मे २०१५ मध्ये लेबनॉन सरकारने यूएनएचसीआरला सीरियन निर्वासितांची नवी नोंदणी थांबवायला सांगितली. त्यानंतर आलेला माणूस निर्वासित होताच, पण मुख्य यादीत त्याला जागा नव्हती. तीस संस्थांच्या तीस याद्या असताना गोंधळ होता खरा, पण एक दार बंद झालं तर दुसरं ठोठावता यायचं. मुख्य यादी एकच झाली की तिचं दार कोण उघडतं आणि कोण बंद करतं, याला फार महत्त्व येतं.

आणि यादीत असलेल्यांचं काय? पैसे सगळ्यांना पुरत नव्हते. जुलै २०१५ मध्ये निधी आटला तेव्हा अन्नकार्डावर माणशी महिन्याला फक्त साडेतेरा डॉलर यायला लागले. रोख १७५ डॉलर तर काही कुटुंबांनाच. ती निवडायला एक फॉर्म्युला होता. नोंदणीतली माहिती टाकायची, घरात किती माणसं, कुणाचं शिक्षण किती, कुणाला अपंगत्व आहे का, आणि ते कुटुंब किती गरीब असेल याचा अंदाज काढायचा. लाखो घरी माणूस पाठवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. इंजिनिअर म्हणून मलाही सुचला असता तर मी हेच केलं असतं.

पण निकाल कळायचा एसएमएसने. तुमची मदत पुढच्या महिन्यापासून बंद. का? शेजारणीची चालू आहे, तिच्या घरात कमावता मुलगा आहे, माझ्या नाही, मग माझीच का? हेल्पलाइनवरच्या माणसाकडेही उत्तर नसायचं, कारण वजनं फॉर्म्युल्याच्या आत होती. पुढे हरकत नोंदवायची सोय आली, काही कुटुंबं परत यादीत आली. मुकादमाशी निदान भांडता तरी यायचं, आजी सांगते. एकदा तिने भांडून नाव घालायला लावलं होतं.

एकच नळ

२०१९ मध्ये लेबनॉनची अर्थव्यवस्था कोसळली. १९९७ पासून एका डॉलरला सुमारे १,५०० लिरा हा दर बांधलेला होता. मार्च २०२१ मध्ये काळ्या बाजारात तो १५,००० पर्यंत गेला. मदतीचे डॉलर बँकेत जात होते, पण लोकांच्या हातात लिरा पडत होते, आणि तेही बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी दराने. थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनने जून २०२१ मध्ये दिलेल्या बातमीनुसार निर्वासित आणि गरीब लेबनीज लोकांसाठी आलेल्या मदतीतले किमान २५ कोटी डॉलर अशा दरांमुळे बँकांकडे राहिले.

म्हणजे काय, तर सगळ्यांनी मिळून एक चांगला नळ बसवला, आणि गळतीही त्याच नळाला लागली.

मग एकत्र येणं चुकलं का? मला तसं वाटत नाही. एका बाईने चार रांगांत उभं राहण्यापेक्षा एक कार्ड बरंच. मार्च २०२२ मध्ये जागतिक पातळीवर नवी रचना ठरली, आणि निर्वासितांच्या बाबतीत रोख मदतीच्या समन्वयाची जबाबदारी यूएनएचसीआरकडे आली, शक्य तिथे यजमान सरकारसोबत. निदान विचारायचं कुणाला, हे ठरलं.

पण या सगळ्या वर्षांत समन्वय झाला तो संस्था, देणगीदार, बँक आणि सरकार यांच्यात. कार्ड ज्याच्या खिशात होतं, तो त्या मीटिंगमध्ये नव्हता. तो असता तर त्याने बहुधा दोनच गोष्टी मागितल्या असत्या: माझं नाव का काढलं ते मला समजेल अशा भाषेत सांगा, आणि डॉलर आले असतील तर डॉलरच द्या.

तुमच्यापैकी बरेच जण कोड लिहिता. उद्या एखाद्या योजनेची लाभार्थी यादी बनवायचं काम तुमच्याकडे आलं, तर डुप्लिकेट काढालच. त्याच वेळी "माझं नाव का नाही?" असं विचारायला एक बटण ठेवा, आणि ते दाबल्यावर पलीकडे कुणीतरी उत्तर देणारं असेल असं बघा.

आणि घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना बाहत्तरच्या मस्टरबद्दल नक्की विचारा. पुढच्या भागात भेटू.