शॉकअपच्या पोटातलं तेल

मोटारसायकलच्या मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरला आपल्याकडच्या गॅरेजमध्ये कुणी पूर्ण नावानं हाक मारत नाही. तो ‘शॉकअप’. नाव मोडकं असलं तरी त्याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे.

सुरुवातीच्या बहुतेक मोटारसायकलींना मागे शॉकअप नव्हतेच. मागचं चाक सांगाड्याला जखडलेलं. चालवणाऱ्याच्या सीटखाली स्प्रिंगा असत, तेवढाच दिलासा. मागे बसणाऱ्याच्या नशिबी खड्डा जसाच्या तसा येई. इंग्लंडच्या व्हिन्सेंट एचआरडीनं १९२८ मध्येच मागचं चाक स्प्रिंगवर झुलतं ठेवलं होतं; पण मागचं चाक हलतं ठेवलं तर गाडी डगमगेल, अशी शंका पुष्कळांना होती.

ती शंका फिटण्यात आपल्या ओळखीच्या बुलेटचा वाटा मोठा. रेडिचच्या रॉयल एनफिल्डनं तिला मागे झुलता दांडा आणि तेल भरलेले दोन शॉकअप दिले. १९४८ साली इटलीत सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय मोटारसायकल स्पर्धा झाली. जिंकलेल्या ब्रिटिश संघात बुलेटवरचे दोन स्वार होते. दोघांनाही सुवर्णपदक मिळालं. पुढे १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट आपल्या रस्त्यांवर रुळली. १९६१ मध्ये गॅब्रिएल इंडिया सुरू झाली. मुंबईत मुलुंडच्या कारखान्यात शॉकअप बनू लागले.

आत असतं तरी काय? स्प्रिंग धक्का झेलते, पण विसरत नाही. जेवढी दबते तेवढीच उसळते. आतल्या नळीत दांड्याच्या टोकाला दट्ट्या असतो आणि त्याला बारीक छिद्रं. तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते, त्या ओढाताणीत उसळीचा जोर उष्णतेत विरून जातो. तेल गळालं की नुसती उसळी उरते. चाक जमिनीला धरून राहत नाही, नाचू लागतं. वळणावर किंवा ब्रेक मारताना ते जिवावर बेतू शकतं.

परवान्यांच्या काळात सुटे भाग सहज मिळत नसत. म्हणून जुना शॉकअप फेकायचा नाही, उघडायचा, ही विद्या गॅरेजांतून वाढली. स्प्रिंग शिकंजात दाबून काढायची. ती नुसत्या हातानं सोडली तर बोटं जायची. काळं पडलेलं तेल ओतून टाकायचं. मग दांडा सपाट काचेवर लोळवून पाहायचा: डुलला तर वाकडा. त्यावरच्या क्रोमला गंजाचे खड्डे असतील तर नवं ऑइल सील बसवूनही उपयोग नाही, तो दांडा चार दिवसांत सील खाणार. दांडा चांगला असेल तर सील आणि रबरी बुश बदलायचे, मोजून तेल भरायचं, नळी उभी धरून दांडा सावकाश वर-खाली करत हवा काढून टाकायची. दाबताना मध्येच हात रिकामा गेला, तर हवा राहिली असं समजायचं. आणि काम नेहमी जोडीचं करायचं. एक नवा, एक थकलेला, असं चालत नाही.

पुढे कारखान्यांनी नळीचं तोंड कायमचं बंद केलं. काही शॉकअपमध्ये तेलाबरोबर दाबाखालचा नायट्रोजनही आला. हे शॉकअप टिकाऊ आहेत, यात शंका नाही. पण त्यांना भोक पाडणं किंवा गॅसची ज्योत लावणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. ते खास साधनं असलेल्याकडेच न्यावेत, नाहीतर सरळ जोडी बदलावी.

आपल्याकडे मागच्या शॉकअपवर फक्त स्वार बसत नाही. त्यावर बायको-मुलं बसतात, दुधाच्या किटल्या लटकतात, कधी गॅसचं सिलिंडरही असतं. तेव्हा जुनी गाडी घेताना आरशासारखा रंग पाहण्याआधी मागे वाका. शॉकअपच्या दांड्याखाली तेलाचा ओघळ आहे का बघा. सीट जोरानं दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. डोलत राहिली, तर किंमत ठरवण्याआधी मिस्त्रीला बोलवा.