ग्रीक ग्रंथातील तगर आणि उन्हाळ्यातील तेर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

प्राचीन ग्रीक जगाशी संबंधित स्थळ म्हटले की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर अथेन्सचे ॲक्रोपोलिस किंवा डेल्फीचे अवशेष उभे राहतात. परंतु वाशी तालुक्यातील तेरखेड्याच्या आग्नेयेस, याच धाराशिव जिल्ह्यात, एका ग्रीक ग्रंथाने ज्याची नोंद घेतली असे एक गाव आजही नांदते आहे. तेरणा नदीकाठचे तेर हेच ते गाव होय. नावात साम्य असले तरी तेरखेडा आणि तेर ही दोन स्वतंत्र गावे आहेत. तेर ग्रीकांनी वसविलेले नाही, तेथे ग्रीक मंदिरही नाही. असे असूनही ग्रीक व्यापारी जगाचा दख्खनशी आलेला संबंध अभ्यासण्यासाठी याहून जवळचे स्थळ आपल्याला मिळणार नाही. हे स्थळ उन्हाळ्यात पाहताना त्याच्या जतनाचा जो प्रश्न समोर येतो, त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रीक नोंद आणि तगराची ओळख

‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हा इ. स. च्या पहिल्या शतकातील ग्रीक भाषेतील ग्रंथ. त्याचा कर्ता अज्ञात आहे. तथापि तो इजिप्तमधील ग्रीकभाषक व्यापारी असावा असे मानले जाते. बॅरिगाझा म्हणजे भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर असल्याचे तो नोंदवितो. तगराहून साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल व इतर माल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोच बंदरात जात असे. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलातही तगराचे नाव येते.

हे तगर कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. देवगिरी, जुन्नर, धारूर अशी निरनिराळी स्थाने सुचविली गेली. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तेर म्हणजेच तगर असे प्रतिपादन केले आणि ते पुढे मान्यता पावले. शिलाहार राजांच्या लेखांतील ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद पाहता, मूळ नगराची प्रतिष्ठा मध्ययुगापर्यंत लोकांच्या स्मरणात होती असे दिसते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ग्रीक ग्रंथकाराला तगर ठाऊक होते ते बंदरात येणाऱ्या मालावरून. तो माल विणणारे, रंगविणारे, गाड्या हाकणारे लोक त्याच्या नोंदीत नाहीत. त्यांचा इतिहास वाचावयाचा तर तेरच्या मातीकडेच वळावे लागते.

मातीतील पुरावा

तेर येथे १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी उत्खनन केले व त्याचा अहवाल १९६९ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाला. पुढेही येथे उत्खनने झाली. सातवाहनकालीन वस्ती, केओलिन या पांढऱ्या मातीच्या साच्यात घडविलेल्या मूर्ती, मणी, शंखाच्या वस्तू असा विपुल पुरावा तेरने दिला आहे. येथे सापडलेल्या एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना पॉम्पेई येथे १९३८ मध्ये मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी केली जाते. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच इटलीत पोहोचली होती. याच घडणीची मूर्ती भोकरदन येथेही मिळाल्याने हा दख्खनच्या कारागिरीचाच धागा असावा, या मतास बळकटी येते.

तेर येथील अनेक वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा करून जपल्या आणि आज गावातील शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. एका ग्रामस्थाने केलेले हे कार्य मोलाचे आहे. मात्र पृष्ठभागावर सापडलेली वस्तू कोणत्या थरातील, तिच्यासोबत आणखी काय होते, हे नंतर सांगता येत नाही. वस्तू वाचते, पण तिचा संदर्भ वाचतोच असे नाही.

उन्हाळा : पाहण्याचा आणि हरविण्याचा काळ

शेतजमिनीस ‘काळी’ आणि गावठाणास ‘पांढरी’ म्हणण्याची आपली जुनी रीत आहे. शतकानुशतकांच्या वस्तीची राख, विटा व मातीच्या भिंती मिसळून ही पांढरी माती तयार होते. चैत्र-वैशाखात गवत वाळते, टेकाडे उघडी पडतात आणि खापरे, विटांचे तुकडे स्पष्ट दिसू लागतात. पृष्ठसर्वेक्षणास हा काळ सोयीचा. उन्हाचा ताप मात्र मोठा. जुलै २०२३ मधील उष्णतेच्या लाटेत ॲक्रोपोलिसवरही भर दुपारी काही तास प्रवेश बंद ठेवावा लागला होता. तेव्हा सकाळची वेळच श्रेयस्कर.

परंतु मराठवाड्यात धाब्याच्या घरांवर पावसाळ्यापूर्वी पांढरी माती टाकण्याची प्रथाही याच दिवसांतील. जुन्या पांढरीची माती शेतात खत म्हणूनही वापरली जाते. जी माती घराला गळतीपासून वाचविते, तीच इतिहासाचा थर असते. यात शेतकऱ्यास दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्या मातीचे दुसरे मोल त्याला कोणी सांगितलेले नसते. तेर हे जिवंत गाव आहे. चैत्र वद्य त्रयोदशीस संत गोरा कुंभार यांच्या समाधीच्या दर्शनास भाविक येथे येतात. ज्या गावाने मातीत राबणाऱ्या कुंभारास संत म्हणून पूजिले, त्या गावाला खापराचे महत्त्व पटवून देणे अवघड नसावे.

निष्कर्ष

ग्रीक ग्रंथाने तेरला जागतिक इतिहासात स्थान दिले, परंतु त्या नगराचे चरित्र त्याच्या पांढरीतच आहे. परिसरातील महाविद्यालयांनी उन्हाळी सुट्टीत विद्यार्थ्यांना तेथे न्यावे. खापरे उचलू न देता त्यांची जागा, छायाचित्र व वर्णन यांची नोंद करवून घ्यावी. भूमिगत वस्तू सापडल्यास प्रशासनास कळविण्याची तरतूद १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यात आहे, हेही ग्रामस्थांना समजावून सांगावे. उचललेली वस्तू संग्रहालयात ठेवता येते. गाडीत भरून गेलेला थर पुन्हा रचता येत नाही. पेरिप्लसच्या काळात तगराहून गाड्या भरून कापड गेले आणि नगराची कीर्ती वाढली. आज गाड्या भरून माती जात राहिली, तर त्या कीर्तीचा पुरावाच उरणार नाही.