एक शर्यत, दोन निकाल

गावच्या जत्रेतली बैलगाड्यांची शर्यत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेली असेल. निशाण पडते, धुरळा उडतो, पंच निकाल देतात, विजेत्याला फेटा बांधला जातो आणि माणसे पांगतात. पण शर्यत तिथे संपत नाही. संध्याकाळी पारावर तिचा दुसरा भाग सुरू होतो. एकजण म्हणतो, "काय गाडी हाकली! असा गडी पुन्हा होणे नाही." लगेच दुसरा म्हणतो, "पहिला आला हे खरं, पण शेजारच्या गाडीला घासून आला, ते का नाही सांगत?" गंमत अशी की, दोघेही डोळ्यांनी पाहिलेलेच सांगत असतात.

आज मी अशाच एका शर्यतवाल्याची हकीकत सांगणार आहे. तो फार दूरचा, अमेरिकेतला. त्याचे नाव रिच व्होग्लर. १९९० साली तो शर्यत खेळतानाच वारला, आणि त्याच शर्यतीत तो पहिला आला असेही पंचांनी जाहीर केले. हे कसे घडले, आणि त्याच्या नावामागे कौतुक आणि 'पण' ही दोन्ही का चिकटून राहिली, ते आता पाहू.

आधी त्याची गाडी समजून घेऊ. तिला म्हणतात स्प्रिंट कार. स्प्रिंट म्हणजे थोड्या अंतराची, जीव खाऊन मारलेली धाव. अमेरिकेत ठिकठिकाणी दरवर्षी जिल्ह्याची जत्रा भरते. त्या जत्रेत गुरांची, धान्याची प्रदर्शने असतात आणि घोड्यांच्या शर्यतीही असत. त्यासाठी मातीची लांबट गोल धावपट्टी तयार केलेली असे. मोटारी आल्या तेव्हा हौशी लोकांनी त्याच पट्टीवर त्या पळवायला सुरुवात केली. म्हणजे हा खेळ जन्मला तोच शेतकऱ्यांच्या जत्रेत. मका आणि सोयाबीन पिकवणाऱ्या इंडियाना आणि आयोवा या राज्यांत त्याचे मोठे प्रस्थ आहे. आयोवातल्या नॉक्सव्हिल या लहानशा गावात जत्रेच्याच मैदानावर या खेळाचे राष्ट्रीय संग्रहालय उभे आहे.

ही गाडी रस्त्यावरच्या मोटारीसारखी नसते. तिची चारही चाके उघडी असतात. ती आपणहून सुरू होत नाही, मागून दुसऱ्या वाहनाने ढकलावी लागते. मागची दोन्ही चाके एकाच सलग आसावर घट्ट बसवलेली असतात आणि उजवे चाक डाव्यापेक्षा मोठे असते. त्यामुळे गाडी आपोआप डावीकडे वळू पाहते, कारण पट्टीवर सगळी वळणे डावीच असतात. मातीवर वळण घेताना तिचे मागचे अंग घसरते, आणि चालक चक्र उजवीकडे धरून तिला डावीकडे नेतो! आता ताकद पाहा. आपल्याकडचा नेहमीचा ट्रॅक्टर पस्तीस ते पन्नास अश्वशक्तीचा. व्होग्लरच्या काळच्या स्प्रिंट कारला पाचशेहून अधिक अश्वशक्तीचे इंजिन असे, आणि वजन मात्र ट्रॅक्टरच्या निम्म्याहूनही कमी. अशा वीसेक गाड्या अर्ध्या मैलाच्या पट्टीवर एकमेकींना खेटून धावतात.

उघड्या चाकांची गोष्ट मुद्दाम सांगितली. दोन गाड्यांची चाके बाजूने घासली तर निभावते. पण मागच्या गाडीचे पुढचे चाक पुढच्या गाडीच्या मागच्या चाकावर चढले, तर फिरते चाक त्याला वर फेकते आणि गाडी हवेत उलटते. चालकाच्या डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा सक्तीचा झाला तो १९७०च्या दशकात. त्यापूर्वी कितीतरी जण असेच गेले. म्हणून या खेळात 'घासून पुढे जाणे' हा नुसता उर्मटपणा ठरत नाही, त्यात दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न येतो.

व्होग्लरचा जन्म १९५० सालचा. घरातच शर्यतीचे वेड होते. वडील डॉन व्होग्लर हेही शर्यतीत उतरणारे. मुलगा आधी मिजेट नावाच्या बुटक्या गाड्या चालवू लागला आणि मग स्प्रिंट कारकडे वळला. या दोन्ही खेळांचे नियमन करणारी संस्था म्हणजे युनायटेड स्टेट्स ऑटो क्लब. १९५५ साली फ्रान्समधल्या ल माँ येथील शर्यतीत मोटार प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्यानंतर अमेरिकेतल्या जुन्या मोटार संघाने शर्यतींतून अंग काढून घेतले, तेव्हा ही नवी संस्था स्थापन झाली. तिची मिजेट गाड्यांची राष्ट्रीय विजेतेपदे व्होग्लरने पाच वेळा मिळवली, स्प्रिंट कारची दोनदा. १९८० साली तर दोन्ही एकाच वर्षात. तसे त्याच्याआधी कोणालाच जमले नव्हते. एकूण जिंकलेल्या शर्यती शंभराच्या पुष्कळ वर जातात.

१९८१ साली त्याचे वडील इंडियानापोलिसच्या एका लहान धावपट्टीवर मिजेट गाडीच्या अपघातात वारले. घरातला कर्ता माणूस विहिरीत पडून गेला तर आपण ती विहीर बुजवायला निघतो. व्होग्लर मात्र पुन्हा त्याच गाडीत बसला. कोणी याला धैर्य म्हणेल, कोणी हट्ट. मी म्हणेन, त्याला दुसरे काही येतच नव्हते, आणि यावे असे त्याला वाटतही नव्हते.

तो इतक्या शर्यती का खेळे, याचे उत्तर थोडे इतिहासात आहे. एके काळी मातीच्या पट्टीवरून इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध पाचशे मैलांच्या शर्यतीकडे सरळ वाट जात होती. ए. जे. फॉइट, पार्नेली जोन्स, मारिओ आंद्रेत्ती ही मोठी मंडळी त्याच वाटेने वर चढली. पण १९६५ साली स्कॉटलंडच्या जिम क्लार्कने इंजिन मागच्या बाजूला असलेल्या गाडीने ती शर्यत जिंकली, आणि लवकरच पुढे इंजिन असलेल्या गाड्या तिथून हद्दपार झाल्या. स्प्रिंट कारचे इंजिन मात्र पुढेच राहिले. दोन्हींचे कसब वेगळे झाले. पुढे पैशाचाही प्रश्न आला. मोठ्या शर्यतीसाठी मोठ्या कंपन्यांचे पाठबळ लागू लागले. व्होग्लर पाच वेळा त्या शर्यतीत उतरला, १९८९ साली आठवा आला. त्याच्यापुढे ती वाट उघडली नाही. फॉइटच्या पिढीत जन्मला असता तर काय झाले असते, ते सांगता येत नाही. इतके खरे की, लहान लहान गावांतल्या रात्रीच्या शर्यती हीच त्याची शेती झाली. आज या गावी, उद्या त्या गावी. बक्षीस मिळाले तर चूल पेटणार. अशा माणसाला दुसरा क्रमांक परवडत नाही.

आता 'पण'कडे येऊ.

व्होग्लर वाट सोडत नसे. दुसऱ्याच्या गाडीशेजारी बोटभर फट दिसली की तो त्यात आपले चाक घाली. समोरचा बाजूला सरला तर ठीक, न सरला तर घासाघीस. सोबतच्या चालकांना याची चीड येई. प्रेक्षकांतही दोन तट असत. त्याचे नाव पुकारले की एकीकडून टाळ्या आणि दुसरीकडून हुर्यो. एक मजेची गोष्ट मात्र ध्यानात घ्या. तो जिंकावा म्हणून येणाऱ्यानेही तिकीट काढलेले असे, आणि तो हरावा म्हणून येणाऱ्यानेही. लहान गावच्या त्या मैदानांना दोघांचेही पैसे लागत. म्हणजे ज्या वागण्याला लोक नावे ठेवत, त्याच वागण्यावर खेळाची गल्लापेटी भरत होती. एकट्या व्होग्लरला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. त्याला तसे घडवण्यात बाकावर बसून ओरडणाऱ्यांचाही वाटा होता.

आणि मग ती रात्र आली. शनिवार, २१ जुलै १९९०. ठिकाण इंडियाना राज्याच्या दक्षिणेतले सेलम. तिथली पट्टी मातीची नव्हे, डांबरी, अर्ध्या मैलाहून थोडी मोठी. तिची वळणे विहिरीच्या कडेसारखी उभी तिरपी, त्यामुळे वेग फार. शर्यतीचे नाव होते 'जो जेम्स–पॅट ओकॉनर स्मृती शर्यत'. हे दोघेही याच खेळातले जुने गडी. जो जेम्स १९५२ साली कॅलिफोर्नियात शर्यतीत जखमी होऊन वारला. ओकॉनर इंडियानाचाच, सेलमपासून फार दूर नसलेल्या नॉर्थ व्हर्नन गावचा. १९५८च्या पाचशे मैलांच्या शर्यतीत पहिल्याच फेरीत गाड्या एकमेकींवर आदळल्या, त्यात तो गेला. तेव्हा दोन मेलेल्या चालकांच्या आठवणीसाठी लावलेली ही शर्यत होती.

व्होग्लर सर्वांच्या पुढे होता. शर्यत जवळजवळ संपली होती. शेवटच्या फेरीची खूण म्हणून पांढरे निशाण दाखवतात, ते आता दिसणार, इतक्यात त्याची गाडी भिंतीवर आदळली. लाल निशाण पडले. लाल निशाण म्हणजे सगळ्यांनी थांबायचे. व्होग्लर वाचला नाही. त्याचे वय एकोणचाळीस. चाळिशी पुरी व्हायला महिनाभर राहिला होता.

आता निकाल कसा द्यायचा? नियम असा होता की, लाल निशाणाने शर्यत थांबली तर त्याआधी पुरी झालेली फेरी प्रमाण धरायची. त्या फेरीला पुढे कोण होता? व्होग्लर. पंचांनी नियमाप्रमाणे त्यालाच विजयी ठरवले. दया म्हणून नव्हे, आदर म्हणूनही नव्हे. वहीत जे होते ते वाचून दाखवले. शर्यत जिंकलेला माणूस बक्षीस घ्यायला उरला नव्हता.

श्रोतेहो, या प्रसंगाकडे पाहून लोक दोन निकाल देतात. पहिला निकाल असा : हा खरा शर्यतवाला. शेवटच्या क्षणापर्यंत पुढे राहिला आणि पुढे असतानाच गेला. दुसरा निकाल असा : एवढे जिंकून झाले होते, वडिलांचे मरण पाहिले होते, कुठेतरी पाय आवरता घ्यायला नको होता काय? आणि ज्यांच्या चाकाला त्याने चाक लावले, त्यांच्या घरच्यांनी ती रात्र कशी काढली असेल?

मला स्वतःला हे दोन्ही निकाल अपुरे वाटतात. पहिल्यात मरणाचे सोने करण्याची घाई आहे. माणूस मेला की त्याचे सगळे गोड मानायचे ही आपलीही सवय आहे. पण ज्याला त्याच्या गाडीने धक्का दिला तो धक्का तिरडी उचलल्याने पुसला जात नाही. दुसऱ्या निकालात मागाहून सुचलेले शहाणपण आहे. शिवाय सेलमच्या अपघाताला त्याच्या दांडगाईची शिक्षा ठरवणे हा तर सरळ अन्याय आहे. ओकॉनर काही दांडगा म्हणून मेला नाही. त्या वेगात आणि त्या भिंतींशेजारी सज्जन चालकही मरत होते. दोष माणसाच्या स्वभावाचा किती आणि गाडीच्या, पट्टीच्या बांधणीचा किती, हे वेगळे करून पाहावे लागते. चालकाची मान आणि डोके झटक्यात सांभाळणारा पट्टा १९८०च्या दशकातच तयार झालेला होता, पण अमेरिकेतल्या मोठ्या शर्यतींत तो सक्तीचा व्हायला २००१ साल उजाडले, आणि तेही डेल अर्नहार्ट नावाचा फार मोठा चालक गेल्यावर. तोपर्यंत नशिबालाच बोल लावला जात असे.

व्होग्लर गेला त्याच वर्षी मिजेट गाड्यांचे राष्ट्रीय विजेतेपद जेफ गॉर्डन या कोवळ्या पोराने मिळवले. पुढे तो मातीची पट्टी सोडून नॅस्कार नावाच्या बंद मोटारींच्या शर्यतींकडे गेला आणि तिथे देशभर गाजला. व्होग्लरला जी वाट सापडली नाही ती नव्या पिढीने दुसऱ्या दिशेला शोधली. नॉक्सव्हिलच्या संग्रहालयातल्या मानकऱ्यांत व्होग्लरचे नाव आहे, आणि ते तिथे असायलाच हवे. पण मानपत्रात विजयांचा आकडा असतो, 'पण' नसतो. तो माणसांच्या तोंडी राहतो, आणि ती माणसे गेली की तोही जातो.

शिक्षक मित्रांना म्हणून एक विनंती. आपल्या गावातही असा एखादा गडी होऊन गेला असेल. कोणी पैलवान असेल, कोणी गाडीवान, कोणी गावचा पुढारी. मुलांना वही देऊन पारावर पाठवा. त्याचे गुण गाणाऱ्या म्हाताऱ्यालाही विचारू द्या आणि त्याचे नाव काढताच तोंड फिरवणाऱ्यालाही विचारू द्या. दोघांचे म्हणणे एकाच पानावर, एकाखाली एक उतरवून घेऊ द्या. कोण खरा आणि कोण खोटा हे मुलांनी लगेच ठरवू नये. दोघे कुठे उभे राहून पाहत होते, तेवढे मात्र जरूर विचारावे. एक कदाचित मैदानाबाहेर बसलेला असेल, आणि दुसरा शेजारच्या गाडीवर.