आउट्रम रोडची भिंत

चंडीगढची थंडी टाळायची म्हणून पूर्वी लोक गोव्याला जात; आता ते सिंगापूरपर्यंत जातात. डिसेंबर-जानेवारीत इथे धुके उतरते, विमाने रखडतात, सूर्यदर्शन दुर्मीळ होते. आणि विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवरच्या त्या बेटावर हिवाळा नावाचा ऋतूच नाही. आमच्या घरीही यंदा हाच बेत ठरतो आहे. चार रात्रींच्या पत्रकात सेंटोसा आहे, मरीना बे आहे, लिटल इंडिया आहे. मी त्यात दोन दुरुस्त्या सुचवल्या. एक म्हणजे डिसेंबरऐवजी फेब्रुवारीच्या मध्यावर जावे, कारण ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस तोवर ओसरलेला असतो. दुसरी म्हणजे एक सकाळ आउट्रम रोडसाठी राखून ठेवावी. पहिली लगेच मान्य झाली. दुसरीसाठी मला १९१५ साल सांगावे लागले.

त्या वर्षी १५ फेब्रुवारीला, चिनी नववर्षाच्या सुटीच्या दिवशी, सिंगापूरच्या अलेक्झांड्रा बराकीत दुपारी गोळी झडली. ती झाडणारे शिपाई होते फिफ्थ लाइट इन्फन्ट्रीचे. १८०३ साली उभारलेली ही हिंदी फौजेची जुनी पलटण १९१४ च्या ऑक्टोबरात सिंगापूरला आली होती. तिथली गोरी पलटण युरोपातल्या युद्धावर गेली आणि बेटाची राखण या शिपायांवर आली. पलटण संपूर्ण मुसलमानांची होती: काही कंपन्या पठाणांच्या, तर उरलेल्या रांगडांच्या. रांगड म्हणजे मुसलमान राजपूत. हिस्सार, रोहतक, कर्नाल, गुडगाव या जिल्ह्यांत त्यांची गावे होती. हे सगळे जिल्हे आज हरियाणात आहेत आणि हरियाणाची राजधानी चंडीगढ आहे. म्हणजे आम्ही ज्या बेटावर सुटी घालवायला निघालो आहोत, तिथे शंभर वर्षांपूर्वी याच मुलखातले शेकडो तरुण बंदूक घेऊन उभे होते.

उठाव का झाला, याची कारणे बरीचशी बराकीतच सापडतात. गोऱ्या अधिकाऱ्यांत आपसांत बेबनाव होता आणि कर्नल मार्टिनचा पलटणीवर वचक नव्हता. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तान इंग्रजांविरुद्ध युद्धात उतरल्यामुळे खलिफाच्या सैन्यावर गोळी झाडायची वेळ येईल, ही धास्ती शिपायांच्या मनात होती. कासिम मन्सूर हा तिथला गुजराती व्यापारी आणि नूर आलम शाह हा धर्मगुरू यांच्याकडे शिपायांचे जाणे-येणे होते. गदर पक्षाची पत्रकेही बेटावर पोचत होती. १६ फेब्रुवारीला पलटण बोटीत बसणार होती. हुकूम हाँगकाँगचा होता, पण शिपायांचा त्यावर विश्वास नव्हता. आपल्याला तुर्कांवर नेतात, किंवा वाटेतच बुडवून टाकतात, अशा वावड्या उठत होत्या. निघण्याच्या आदल्या सकाळी जनरलने येऊन निरोपाची पाहणी केली. दुपारी बंड झाले.

बंडवाल्यांनी टँगलिनच्या छावणीतले जर्मन कैदी सोडवले, पण बहुतेक जर्मनांनी त्यांच्यात सामील व्हायचे नाकारले. पुढे काय करायचे, याची आखणी कोणाकडेच नव्हती. चाळीसच्या वर माणसे मारली गेली. त्यांत अधिकारी होते, सैनिक होते, आणि सुटीच्या दिवशी रस्त्याने जाणारे बिनहत्यारी लोकही होते. हे मला वगळायचे नाही. या शिपायांना आठवताना त्यांच्या गोळ्यांनी मेलेल्यांना विसरले, तर ती आठवण खोटी ठरते.

बंड मोडायला इंग्रजांना जोहोरच्या सुलतानाचे सैनिक आणि फ्रेंच, रशियन, जपानी जहाजांवरचे खलाशी बोलवावे लागले. मग लष्करी न्यायालये बसली. दोनशेच्या वर शिपायांवर खटले चालले आणि ४७ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. सुभेदार दुंदे खान आणि जमादार चिश्ती खान त्यांतलेच. ही शिक्षा आउट्रम रोडच्या तुरुंगाच्या भिंतीला उभे करून, उघड्यावर, लोकांसमोर दिली गेली. एका वेळी पंधरा हजारांवर लोक पाहायला जमल्याची नोंद तेव्हाच्या वर्तमानपत्रात आहे. छायाचित्रेही आहेत: खांबांना बांधलेल्या माणसांची रांग, आणि समोर बंदुकांची.

आउट्रम हे नाव मराठी वाचकाला परके नसावे. खानदेशात १८२५ साली भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउट्रम तो हाच. पुढे १८५७ मध्ये लखनौच्या लढाईत तो नावाजला गेला आणि दुसऱ्याच वर्षी सिंगापूरच्या एका रस्त्याला त्याचे नाव मिळाले. हॅवलॉक आणि नील यांच्या नावांचे रस्तेही तिथे आहेत. १८५७ चा उठाव मोडणाऱ्याच्या नावाच्या रस्त्यावर १९१५ च्या उठावाचा शेवट झाला.

याच महिन्यांत पंजाबात गदर पक्षाचा मोठा उठाव ठरत होता. तारीख होती २१ फेब्रुवारी. फितुरीचा संशय आल्यावर ती १९ वर आणली गेली, आणि तरीही बेत फुटला. या कटातला मराठी माणूस विष्णू गणेश पिंगळे, पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचा. अमेरिकेत शिकायला गेलेला हा तरुण गदर पक्षाचा होऊन परतला आणि पंजाबातले गदरवाले व बनारसमधले रासबिहारी बोस यांच्यातला दुवा झाला. २३ मार्च १९१५ रोजी तो मेरठच्या घोडदळाच्या छावणीत बाँबसह पकडला गेला. त्याच दिवसांत आउट्रम रोडवर गोळ्या चालू होत्या. १६ नोव्हेंबरला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा आणि आणखी पाच जणांबरोबर पिंगळे फासावर गेला. तारखा इतक्या जवळ आहेत, की दोन्ही घटना एकाच कटाच्या म्हणाव्यात असा मोह होतो. मी तो आवरतो. पिंगळ्याने फौजेत वळवायला शिपाई शोधले. सिंगापूरच्या शिपायांना कोणी पिंगळे भेटला नाही. त्यांच्याकडे राग होता, भीती होती, पण बेत नव्हता.

रासबिहारी मात्र निसटला आणि जपानला पोचला. २८ वर्षांनी, जुलै १९४३ मध्ये, त्याने सिंगापुरातच आपल्या चळवळीची सूत्रे सुभाषबाबूंच्या हाती दिली. १५ फेब्रुवारी ही तारीख तोवर आणखी एका कारणाने ओळखली जाऊ लागली होती: १९४२ साली त्याच दिवशी इंग्रजांनी सिंगापूर जपान्यांच्या स्वाधीन केले. आज तिथे हा दिवस सरकारी पातळीवर पाळला जातो, तो १९४२ च्या शरणागतीसाठी.

१९१५ च्या खुणा थोड्या आहेत. मारल्या गेलेल्या इंग्रजांच्या स्मृतिशिला सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलमध्ये आहेत. ही पांढरी इमारत हिंदुस्थानातून जन्मठेपेवर नेलेल्या कैद्यांच्या श्रमातून उभी राहिली. तुरुंग १९६० च्या दशकात पाडला गेला, आणि भिंतही गेली. आउट्रम पार्क हे आता मेट्रोचे स्टेशन आहे.

आणि इथे, हरियाणात? १९४७ साली रांगडांची गावे रिकामी झाली आणि ती कुटुंबे पाकिस्तानात गेली. लाहोर गेले म्हणून पंजाबला नवी राजधानी लागली आणि हे शहर बांधले गेले. पिंगळ्याचा फास ज्या शहरात होता ते शहर आणि दुंदे खानाची माणसे, दोन्ही एकाच फाळणीने पलीकडे गेली. पिंगळ्याला निदान हुतात्म्यांच्या यादीत जागा मिळाली. ते ४७ जण कोणत्या यादीत घालायचे, हे इकडे ठरले नाही, तिकडेही नाही. ते देशासाठी लढले असे ठामपणे म्हणता येत नाही आणि नुसते खुनी होते असेही म्हणवत नाही. त्यांतला एकेक जण दोनअडीचशे किलोमीटरवरच्या कुठल्या तरी शेतातून पगारासाठी निघाला होता आणि आपल्याला कुठे नेतात हे त्याला कोणी खरे सांगितले नव्हते.

घरच्यांनी ही सकाळ मान्य केली आहे. स्टेशनात उतरून वर आल्यावर दाखवायला माझ्याकडे काहीच नसेल. मोठे रुग्णालय आणि रहदारी एवढेच दिसेल. तिथे उभे राहून मुलांना ही हकीकत सांगायची आणि जी दोन-चार नावे ठाऊक आहेत ती मोठ्याने घ्यायची, इतकेच मी ठरवले आहे.