काचपेटीतले पाणी आणि घडवंचीवरचे पाणी

२०२५ च्या डिसेंबरअखेर आमच्या इंदूर शहरातील भगीरथपुरा वस्तीत नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली. त्यानंतरचे काही आठवडे शहरातील प्रत्येक स्वयंपाकघरात पाण्याच्या पेल्याकडे संशयाने पाहिले जात होते. लालबागेजवळच्या आमच्या घरीही तीच धास्ती होती. अशा वेळी आमच्या नातवाने एक युक्ती काढली. त्याच्या माशांच्या काचपेटीतले पाणी महिनोन्महिने नितळ राहते. मग तोच फिल्टर पिण्याच्या पाण्याला का लावू नये? अडगळीतल्या जुन्या पेटीचा फिल्टर, त्याचा छोटा पंप, स्पंज व कोळसा त्याने धुऊन घेतला आणि नळाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत तो दोन दिवस चालवला. पाणी आरशासारखे झाले. घोटभर घेऊन पाहण्याचा मोह आम्हांसही झाला, हे कबूल करतो.

सरकारी नोकरीत असताना खेडोपाडी पाणी तपासण्याची एक बाटली आम्ही पाहिली होती. ही बाटली आपल्याच प्रदेशाची देणगी आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील मांजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. बाटलीत पाणी भरून ती उबदार जागी ठेवायची. विष्ठेतून येणारे जंतू असतील तर पाणी काळे पडते. आम्ही दोन बाटल्या भरल्या, एक थेट नळाच्या पाण्याची आणि दुसरी नातवाच्या नितळ पाण्याची. दुसऱ्या दिवशी पहिली होती तशीच होती. दुसरी शाईसारखी काळी झाली होती.

नातू हिरमुसला, आम्ही मात्र जुनी पुस्तके काढून बसलो. कारण काचपेटीचा फिल्टर आणि शहराला पाणी पुरवणारा वाळूचा फिल्टर एकाच घराण्यातले आहेत. लंडनच्या चेल्सी जलकंपनीसाठी जेम्स सिम्पसन याने १८२९ मध्ये थेम्सचे पाणी वाळूच्या थरातून संथपणे गाळण्याची व्यवस्था केली. त्याच लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये काचेच्या पेट्यांतले मासे लोकांना पाहण्यासाठी खुले झाले. आपल्यापैकी अनेकांनी असे मासे प्रथम पाहिले ते मुंबईला नातलगांकडे गेल्यावर, १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात.

दोन्ही फिल्टरांत खरे काम करतात ते सूक्ष्म जीव. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. स्पंजवर वाढलेले जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. मासा जगतो तो त्यामुळे. परंतु पटकी, विषमज्वर, कावीळ हे काही माशांचे रोग नव्हेत, आणि त्यांच्या जंतूंशी त्या स्पंजाचे वैरही नाही. शिवाय तेच ते पाणी तासाला कैक वेळा वेगाने फिरत राहते. संथ वाळूच्या फिल्टरात पाण्याची पातळी तासाला जेमतेम वीतभर उतरते. वाळूच्या माथ्यावर काही आठवड्यांत एक चिकट, जिवंत साय धरते. ती साय रोगजंतूंना अडवते व खाऊनही टाकते. घाई केली की ती निकामी होते.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात उशिरा आली. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशाला विष असते, म्हणून पेटीतला कोळसा ते शोषून घेतो. माणसाला मात्र तेच क्लोरीन कवच आहे. अमेरिकेतील जर्सी सिटीने १९०८ पासून ते सतत वापरण्यास आरंभ केला आणि जगभर ती रीत पसरली. नातवाच्या फिल्टराने नळाच्या पाण्याचे कवच काढून घेतले आणि जुन्या स्पंजातले जंतू त्यात मोकळे सोडले. नळाची बाटली स्वच्छ आणि गाळलेली काळी, याचा उलगडा असा झाला.

नितळ म्हणजे निर्धोक नव्हे, याचा सर्वांत मोठा दाखला १८९२ चा. हांबुर्ग शहर एल्बे नदीचे पाणी न गाळता पीत होते. खालच्या अंगाचे आल्टोना हांबुर्गचे सांडपाणी मिसळलेले तेच पाणी घेई, पण वाळूतून गाळून. त्या वर्षीच्या पटकीत हांबुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसे मेली. आल्टोना जवळजवळ वाचले. दोन शहरांच्या सीमेवरील एकाच रस्त्याच्या एका बाजूस रोग होता, दुसऱ्या बाजूस नव्हता.

आमच्या आजीच्या घडवंचीवर हंडे-कळशा असत आणि हंड्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचे फडके. गढूळ पाण्यासाठी ती निवळीची बी मडक्याच्या आत उगाळी. त्या फडक्याला आम्ही मुले हसत असू. पुढे रीटा कोलवेल यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशात जुन्या साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळून पाहिले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे दिसले. आजी हयात असती तर आम्हांला चार शब्द नक्की ऐकावे लागले असते.

आपल्या पूर्वजांनी हे शहर वसवले तेव्हा पाणी होते ते विहिरींचे, तलावांचे आणि नद्यांचे. होळकरांनी १८८६ पासून ज्या खान नदीच्या काठी लालबाग राजवाडा उभारला, तिच्याकडे पाहून आज कोणी तिथे राजवाडा बांधील असे वाटत नाही. पॅट्रिक गेडीस यांनी १९१८ च्या आपल्या अहवालात नगररचनेबरोबर पाण्याचा व सांडपाण्याचा विचार केला होता. मग गंभीर नदीवरचा यशवंत सागर आला. १९७० चे नर्मदा आंदोलन झाले आणि १९७८ मध्ये जालूदहून डोंगर चढून नर्मदा शहरात पोहोचली. भगीरथपुऱ्यात दोष त्या नदीचा नव्हता, वाटेतल्या गळक्या नळीचा होता.

नातवाने हार मानलेली नाही. कॅल्गरी विद्यापीठाच्या डेव्हिड मान्झ यांनी घरगुती वापरासाठी तयार केलेल्या वाळूच्या फिल्टराची आकृती पाहून त्याने पिंपात चाळलेली, धुतलेली वाळू भरली आहे. वर पाच सेंटिमीटर पाणी सदैव उभे राहील अशी तोटीची उंची ठेवली आहे. या खेपेस त्यात ओततो ते बागेतल्या विहिरीचे पाणी. पहिल्या आठवड्यात बाटली एका रात्रीत काळी झाली. सहाव्या आठवड्यात काळी पडण्यास दोन दिवस लागले. सौभाग्यवतींना त्याने ती बाटली मोठ्या अभिमानाने दाखवली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली आणि पिण्याच्या पाण्याचे पातेले नेहमीप्रमाणे उकळायला ठेवले.