खानदेशातला ईस्टर

जळगाव-धुळ्यात ‘ख्रिश्चन’ म्हटलं की आपण सगळ्यांना एकाच माळेत ओवतो. सुन्नी, बोहरा, अहले हदीस यांतला फरक आपल्याला कळतो, त्यांच्यातला कळत नाही. ईस्टरच्या दिवसांत तो स्पष्ट दिसतो.

कॅथलिक लोक राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. ईस्टरच्या आदल्या रात्री नवा अग्नी पेटवून त्यावर मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्या ज्योतीने अंधारं चर्च उजळतं. हे दोन्ही जिल्हे १९८७ पासून नाशिक धर्मप्रांतात आहेत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात, भिल्लांमध्ये काम करणारं स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन प्रोटेस्टंट होतं. १८९० मध्ये फ्रेडरिक फ्रान्सन यांनी ते अमेरिकेत स्थापन केलं. अशा मंडळ्यांत उपवासाची सक्ती नसते; भर बायबलवाचन, उपदेश आणि गीतांवर असतो.

तारखेचाही वाद जुना आहे. वसंतातल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. पण १५८२ ची पंचांग-सुधारणा पूर्वेकडच्या बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चनी यासाठी स्वीकारली नाही. म्हणून २०२४ मध्ये रोमचा ईस्टर ३१ मार्चला, ग्रीसचा ५ मे रोजी आला. चंद्रावरून ईद मागेपुढे होणाऱ्या आपल्याला याचं नवल वाटू नये.

हजरत ईसा अलैहिस्सलाम यांना सुळावर दिलं गेलं, हे कुरआन नाकारतं (निसा : १५७). हे अंतर राहणारच. तरीही आपल्याला सरसकट एकाच मापाने मोजलेलं खटकतं, तर शेजाऱ्यालाही आपण तसं मोजू नये.