टॅक्सीतून उतरलेला रेडिओ



२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांबरोबर पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. त्या हौशी रेडिओवाल्या. अशा मंडळींना जगभर 'हॅम' म्हणतात. अंदमानातून जगातल्या इतर हॅमशी बोलायचं, म्हणून रीतसर परवानगी काढून त्या तिथे गेल्या होत्या. लाटेनंतर फोन बंद पडले आणि त्याच रेडिओवरून अडकलेल्यांची खुशाली घरच्यांपर्यंत जाऊ लागली.

हे ऐकलं की वाटतं, आपल्या खोऱ्यातल्या गावांना असा रेडिओ का नको? पण तो शेकडो कोस दूर बोलणारा रेडिओ. त्याच्या लहरी आकाशात चढून पुन्हा जमिनीवर उतरतात. शेजारच्या दहा-पंधरा गावांत हातातल्या लहान संचावरून बोलायचं, तर रीत वेगळी. त्या लहरी नाकासमोर चालतात, मध्ये डोंगर आला की अडतात. डोंगराच्या दोन अंगांना दोन वाड्या असतील, तर माथ्यावर एक माणूस उभा करावा आणि त्याने इकडची हाक ऐकून तिकडे द्यावी, तसं काम करणारं यंत्र म्हणजे रिपीटर. नवा घ्यायचा तर महाग. मग साध्या कमाईच्या माणसांनी तो कसा उभा केला? ही गोष्ट अमेरिकेतली आहे.

तिथे १९४० मध्ये कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांना डॅनियल नोबल नावाच्या प्राध्यापकांनी गाडीतून दोन्ही बाजूंनी बोलता येईल अशी एफएम यंत्रणा करून दिली. पुढे टॅक्सीवाल्यांनीही असे संच घेतले. पन्नाशीच्या दशकात लॉस एंजेलिसच्या आर्ट जेन्ट्री या हॅमने रिपीटर चालवला. हौशी लोकांच्या सुरुवातीच्या रिपीटरांत त्याचं नाव घेतात. पण तेव्हा ते एखाद्याच कसबी माणसाचं काम होतं.

स्वस्ताई आली ती सरकारी नियमामुळे. साठच्या दशकात रेडिओवर गर्दी झाली, म्हणून प्रत्येकाने कमी जागेत बोलावं, असं सरकारने ठरवलं. पोलीस आणि टॅक्सीवाल्यांचे चांगले चालते संच एका फटक्यात निकामी ठरले. हॅमना तो नियम लागू नव्हता. त्यांनी ते भंगाराच्या भावात उचलले. गाडीच्या डिकीत बसवायचे ते जडशीळ डबे दुरुस्त करून, दोन-दोन जोडून त्यांचे रिपीटर केले. वेन ग्रीन यांच्या '७३' या मासिकाने त्याचा मोठा पुरस्कार केला. (हॅमच्या बोलीत ७३ म्हणजे 'शुभेच्छा', म्हणून मासिकाचं नाव तसं.)

आता खरी मेख. रिपीटर ऐकतो आणि त्याच क्षणी बोलतोही. दोन्हींच्या लहरींत अंतर ठेवतात, पण ते थोडंच, नेहमीच्या पट्ट्यात ६०० किलोहर्ट्झ. चालू गिरणीशेजारी उभं राहून शेजारणीची कुजबुज ऐकण्यासारखं ते आहे. म्हणून सुरुवातीला पुष्कळ जणांनी ऐकणारा संच एका जागी आणि बोलणारा दुसऱ्या जागी ठेवला. एकाच जागी दोन्ही हवे, तर मध्ये डुप्लेक्सर लागतो, म्हणजे नेमक्या मापाला जुळवलेले धातूचे उंच नळकांडे. भंगारातला रेडिओ सहज मिळे, हा मिळत नसे. कितीतरी गटांचा पैसा रेडिओपेक्षा डुप्लेक्सर, चांगली तार आणि उंचावरचा ॲन्टेना यांवरच जास्त गेला. आम्हाला विचाराल तर तो योग्यच गेला. ज्यांनी तिथे हात आखडता घेतला आणि नुसती ताकद वाढवली, त्यांचा रिपीटर लांबवर ऐकू येई, पण त्याला कुणाचं ऐकू येत नसे. अशा रिपीटरला हॅम लोक 'मगर' म्हणतात: तोंड मोठं, कान नाहीत.

दुसरी अडचण उष्णतेची. टॅक्सीचा संच दोन वाक्यं बोलून गप्प बसण्यासाठी केलेला. रिपीटरला तासन् तास बोलावं लागतं. तापून जळू नये म्हणून जाणते लोक त्याची ताकद निम्म्यावर आणत आणि पंखा लावत. पन्नासाचे पंचवीस वॉट केले तरी ऐकणाऱ्याला फरक जेमतेम कळतो. माथ्यावरची जागा गेली, तर मात्र गावंच्या गावं तुटतात. म्हणून ज्या गटात उंच इमारतीचा किंवा टेकडीचा मालक ओळखीचा असे, त्याचं निम्मं काम झालेलं असे. उरलेलं वर्गणीतून, आपल्या बचत गटासारखं.

१९७२ मध्ये सरकारने रिपीटरला वेगळा परवाना लावला, नकाशे आणि आराखडे मागितले. कागदांनी लोक वैतागले. ती अट काही वर्षांनी गेली. मग १ जानेवारी २०१३ ला जुना प्रकार पुन्हा घडला. पोलीस आणि धंदेवाल्यांना आणखी अरुंद जागेत बोलणं सक्तीचं झालं आणि चांगले रिपीटर पुन्हा मोडीत निघाले. थोड्याच दिवसांत याएसू या जपानी कंपनीने हॅमच्या क्लबांना नवा रिपीटर ५०० डॉलरना देऊ केला. त्यात डुप्लेक्सर नव्हता.

आपल्याकडे या कामाला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. सामुदायिक रेडिओचा परवाना इथे चालत नाही, हा वेगळा लागतो आणि तो केंद्र सरकारची परीक्षा दिल्यावर मिळतो. धंद्याचं बोलणं त्यावर करता येत नाही, म्हणजे कांद्याचा भाव विचारायला तो नाही. पहिल्या पायरीच्या परीक्षेला मोर्सची कटकट नाही आणि वय १२ पूर्ण असलं की पुरे. तेव्हा सातवी-आठवीतल्या लेकीबरोबर आईनेही फॉर्म भरायला हरकत नाही.